ठरवलेलं ध्येय किती हलवायचं?

निळीशाई
काही वर्षांपासून जपानी शिकतेय. कामामुळे जपानी लोकांशी रोज संबंध येतो, दुभाष्याशिवाय बोलता यावं म्हणून सुरुवात केली होती. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन५ आणि एन४ या पहिल्या दोन पातळ्या झाल्या. या डिसेंबरात एन३ द्यायची असं ठरवून अर्ज भरला, आठवड्याचं वेळापत्रक केलं, ते कपाटाच्या दारावर चिकटवलं. मग कामाची पाळी बदलली, घरात आजारपण निघालं आणि वेळापत्रकाचे तीनतेरा वाजले.

आता घरातला एक पक्ष म्हणतो, "ठरवलंयस ना, मग कर." दुसरा म्हणतो, "जिवाला त्रास करून घेऊ नकोस, जुलैत दे." मला दोन्ही पटतंय, तोच घोळ आहे.

प्रश्न फक्त परीक्षेचा नाही. पळणं, लिखाण, बचत, वजन, काहीही असो. ध्येयात बदल करताना तो शहाणपणा आहे की पळवाट, हे *त्या वेळी* कसं ओळखता? निकाल लागल्यावर सगळेच शहाणे असतात.

मुंगी
मी ध्येय ठरवतच नाही. हलवायचा प्रश्नच मिटला.

खडूसकाका
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. नाचता येईना अंगण वाकडं, हेच नव्वद टक्के वेळा असतं. एकदा हलवलेली तारीख पुन्हा हलतेच. डिसेंबरचा जुलै होतो, जुलैचा पुढचा डिसेंबर. मी नोकरी सांभाळून बाहेरून पदवी घेतली. त्या काळात कारणं शोधायला बसलो असतो तर रोज एक सापडलं असतं, तेही अगदी खरं, खोटं नव्हे! कारण खरं असणं आणि पुरेसं असणं यात फरक आहे. परीक्षा दे.

शून्यप्रहर
काका, नव्वद टक्के हा आकडा कुठून काढलात?

खडूसकाका
अनुभवातून. पुढे.

पायपीट
पळणाऱ्यांकडे या प्रश्नाचं एक तयार उत्तर आहे, ते सांगतो. मॅरेथॉनला आम्ही एकच लक्ष्य घेऊन उभे राहत नाही. ए, बी, सी अशी तीन असतात. माझं मागच्या शर्यतीचं ए होतं चार तासांच्या आत, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर साधारण ५ मिनिटं ४० सेकंदांच्या गतीने. बी होतं स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा लवकर. सी होतं धडधाकट पूर्ण करणं.

यात महत्त्वाचं काय, तर ए सोडून बी कधी धरायचं हे आदल्या रात्री लिहून ठेवलेलं असतं. माझी अट होती: पंधराव्या किलोमीटरला त्याच गतीला हृदयाचे ठोके सरावापेक्षा दहाने जास्त असतील तर ए विसरायचं. त्या दिवशी हवा दमट होती, ठोके बाराने वर होते. मी गती कमी केली. अजिबात वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, कारण माझ्याच गतीचा एक गट डोळ्यांसमोरून पुढे निघून गेला. पण निर्णय पळताना घ्यायचा नव्हता, फक्त अमलात आणायचा होता. तिसाव्या किलोमीटरनंतर माझ्या डोक्याला साधी वजाबाकी जमत नाही, तिथे शहाणपणा की पळवाट याचा निवाडा काय करणार? गिर्यारोहकही याच कारणासाठी परत फिरायची वेळ खाली तळावर असतानाच ठरवतात.

म्हणून निळीशाई, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: अट आधी लिहिलेली होती का? असेल तर शहाणपणा. थकल्यावर सुचली असेल तर संशय घ्यावा.

रातराणी
पायपीट +१. "थकल्यावर सुचली तर संशय घ्यावा" हे लिहून ठेवते.

निळीशाई
@पायपीट, पटलं, पण माझी अट आधी लिहिलेली नव्हती. पाळी बदलेल हे कोणाला माहीत होतं? मग आता?

पायपीट
मग आता लिही. पण रात्री कामावरून आल्या आल्या नको. सुटीच्या दिवशी, झोप झाल्यावर.

तळटीप
थोडी अभ्यासकी भर घालतो. ध्येय ठेवल्याने काम सुधारतं का, यावर एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांचं काम सर्वांत जास्त सांगितलं जातं. लॉकचा मूळ लेख १९६८चा. निष्कर्ष थोडक्यात असा, की "जमेल तेवढं कर" यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं तर माणसं जास्त काम करतात. खडूसकाकांच्या बाजूने एवढा पुरावा जरूर आहे.

पण पुढच्या संशोधनात त्याला एक मोठी पुरवणी जोडली गेली. काम नवीन आणि गुंतागुंतीचं असेल, म्हणजे ते कसं करायचं हेच अजून शिकायचं असेल, तर "अमुक इतके गुण" असं निकालाचं ध्येय उलट आड येऊ शकतं. तिथे "या कामाच्या चार पद्धती शोधून वापरून बघ" असं शिकण्याचं ध्येय जास्त उपयोगी पडतं. माणूस आकड्याकडे बघत बसतो आणि पद्धत बदलायचं विसरतो.

आणि तो सगळीकडे लावला जाणारा 'स्मार्ट' ध्येयांचा साचा, म्हणजे ध्येयात हव्या असलेल्या पाच गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं! तो जॉर्ज डोरन यांनी १९८१मध्ये व्यवस्थापकांसाठी मांडला. मूळ लेखात 'ए' होता तो काम कोणाकडे सोपवलंय यासाठी. वैयक्तिक संकल्पांसाठी तो साचा बेतलेलाच नव्हता. शिवाय प्रत्येक ध्येयात पाचही गोष्टी असायलाच हव्यात असं नाही, हेही डोरन यांनीच लिहून ठेवलंय. आमच्या कचेरीतल्या वार्षिक अर्जात मात्र पाचही रकाने भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

मुंगी
माझ्या 'ए'च्या रकान्यात मी बायकोचं नाव लिहीन.

आडवाट
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

धूमकेतू
ध्येयबदलाचं माझं आवडतं उदाहरण नॉर्वेचा ध्रुवशोधक रोआल आमुन्सेन. गड्याला जायचं होतं उत्तर ध्रुवावर. फ्राम जहाज मिळवलं, पैसा उभा केला. तेवढ्यात १९०९मध्ये बातमी आली, की कुक आणि पीरी हे अमेरिकी शोधक दोघंही उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा करतायत. पहिलं पोहोचण्यातली मजाच गेली. याने सरळ दक्षिण ध्रुव धरला. १४ डिसेंबर १९११ला पोहोचला, ब्रिटिश शोधक स्कॉटच्या महिनाभर आधी.

त्यातही एक बारकावा आहे. सप्टेंबरमध्ये घाईने आठ जण निघाले होते. पारा उणे पन्नासच्याही खाली गेला आणि ते तळावर परतले. मग ऑक्टोबरमध्ये पाचच जण पुन्हा निघाले. म्हणजे ध्येय बदललं, मग तारीख बदलली, मग माणसंही कमी केली. बदललं नाही ते एकच: कुठेतरी पहिला पोहोचणार.

खडूसकाका
आणि हे सगळं कोणाला न सांगता! जहाज ज्या नान्सेनच्या, म्हणजे नॉर्वेच्याच जुन्या ध्रुवशोधकाच्या, भरवशावर मिळालं त्यालाही पत्ता नाही. खलाशांना मदेरा बेटावर पोहोचल्यावर कळलं की आपण उत्तरेला नाही, दक्षिणेला चाललोय. एका ध्रुवाच्या नावाने जहाज घ्यायचं आणि दुसऱ्या ध्रुवाला न्यायचं, याला आमच्याकडे लवचिकपणा म्हणत नाहीत.

शून्यप्रहर
काका आज फॉर्मात आहेत.

धूमकेतू
मान्य, व्यवहार काही सरळ नव्हता. मग ब्रिटिश शोधक शॅकलटन घ्या. ९ जानेवारी १९०९ला तो दक्षिण ध्रुवापासून ९७ सागरी मैलांवरून परत फिरला. पुढे गेला असता तर कदाचित पोहोचलाही असता, पण परतायला शिधा पुरला नसता. चौघेही जिवंत आले. ही पळवाट होती का, सांगा बघू.

खडूसकाका
नाही. तिथे प्राण पणाला होते. इथे बहुपर्यायी प्रश्नपत्रिका आहे.

रातराणी
काकांचा मुद्दा बाजूला ठेवून मला वेगळंच विचारायचंय. सगळे बदलायचं की टिकायचं यावर बोलतायत, सोडण्यावर कोणीच नाही.

मी कादंबरी लिहीत होते. रोज पाचशे शब्द, पहाटे. बरीच पानं झाली. मग लक्षात आलं की मला लिहिण्यापेक्षा "कादंबरी लिहितेय" हे सांगायला जास्त आवडतंय. पात्रं काय करणार याचं मलाच कुतूहल उरलं नव्हतं. सोडून दिली. ओळखीचे लोक अजून हळहळतात, इतकी पानं वाया गेली म्हणून. ती पानं लिहून झालेली आहेत, पुढची लिहिली तरी त्यांचं काही परत मिळणार नाही. तो हिशेब पुढच्या निर्णयात धरायचाच कशाला? मला पहाटे झोप मिळायला लागली आणि आता मी लघुकथा लिहिते, वाटेल तेव्हा. ध्येय वगैरे काही नाही.

तळटीप
रातराणी, तुम्ही सांगताय त्यावर कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००३मधलं काम आहे. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या: गाठता न येणाऱ्या ध्येयातून मन काढून घेता येणं, आणि दुसऱ्या ध्येयाला लागता येणं. दोन्ही जमणाऱ्यांचं बरं चाललेलं दिसतं. मजा अशी की एक जमलं म्हणून दुसरं जमतंच असं नाही. सोडून दिलं आणि नंतर नुसतंच रिकामं वाटतंय, असंही होतं.

मुंगी
नुसतंच रिकामं वाटणं यावर माझा बराच अनुभव आहे. वेगळा धागा काढू का?

गणिती
उशिरा आलो. मला वाटतं आपण निम्मे भांडण चुकीच्या जागी करतोय. बरीच ध्येयं हलवावी लागतात ती परिस्थिती बदलली म्हणून नव्हे, तर मूळ अंदाजच मुळात आशावादी होता म्हणून.

१९९४मधल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध कधी पूर्ण होईल? सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळं वाईटात वाईट घडलं तर? तेव्हाही ते सुमारे ४९ दिवस म्हणाले. प्रत्यक्षात लागले सुमारे ५६. वाईटात वाईट कल्पनासुद्धा वास्तवाच्या अलीकडेच थांबली! आणि हे लोक काही पहिल्यांदा लिहायला बसलेले नव्हते. प्रत्येक जण मागच्या वेळेचा उशीर अपवाद समजतो.

म्हणून वेळापत्रकात पहिल्यापासून मोकळी जागा हवी. मी आठवड्याला सात दिवसांचं काम ठरवतो आणि त्यात दोन दिवसांची दांडी माफ ठेवतो. "आठवड्यातून पाच दिवस" असं ठरवण्यापेक्षा हे बरं चालतं. हिशेब तोच, पण पाच दिवसांचं ठरवलं की मंगळवार-बुधवार आळसात जातात आणि शनिवारी डोंगर उभा राहतो. माफी हातात असली की ती मोडताना जीव थोडा कचरतो, खऱ्या अडचणीसाठी राखून ठेवावीशी वाटते. यावरही प्रयोग झालेत आणि राखीव सुट्या असलेले लोक जास्त टिकले.

निळीशाई, तुझ्या कपाटावरच्या वेळापत्रकात मोकळे दिवस किती होते?

निळीशाई
शून्य. रविवारी दुपटीने होतं.

गणिती
मग पाळी बदलली नसती तरी ते मोडलं असतं. पाळीवर फक्त आळ आला.

उंबरठा
बरेच दिवस रोमात (नुसता वाचत) होतो, आज लिहितो. आमच्याकडे वडिलांच्या आजारपणात मी व्यायामाचा नियम पाळायचा प्रयत्न केला. सकाळी सहाची वेळ ठरलेली होती, ती हुकली की दिवस गेला असंच वाटायचं. नंतर ठरवलं, वेळ कोणतीही चालेल, पण बूट घालून दाराबाहेर पडायचं. कधी रात्री, कधी दवाखान्याच्या आवारात फेऱ्या. त्या काळात टिकलं ते असंच टिकलं. खडूसकाका, ही पळवाट वाटते का?

खडूसकाका
नाही. दाराबाहेर पडायचं हे तुम्ही हलवलं नाहीत. वडील कसे आहेत?

उंबरठा
बरे आहेत आता. धन्यवाद काका.

तळटीप
उंबरठा, तुमच्यासारखंच निघालंय एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगात, तो २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना ठरलेल्या वेळी व्यायामशाळेत गेलं तरच बक्षीस होतं, काहींना कधीही गेलं तरी. अंदाज होता की ठरलेल्या वेळेची सवय पक्की बसेल. झालं उलटं. कधीही जाणारे जास्त वेळा गेले, बक्षीस थांबल्यावरही. ठरलेल्या वेळेवाल्यांची ती वेळ हुकली की ते त्या दिवशी फिरकतच नसत.

आणि एकवीस दिवसांत सवय लागते ही थाप कोणी इथे आणण्याआधीच सांगतो: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला, तिथे मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक १८ ते २५४ इतका फरक. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

शून्यप्रहर
२५४ म्हणजे मी.

आडवाट
मूळ धाग्याकडे येतो, एक साधी शंका आहे. निळीशाई, तू सुरुवात केलीस ती बोलता यावं म्हणून. एन३ला बोलायची परीक्षा असते का?

निळीशाई
नाही. जेएलपीटीच्या कुठल्याच पातळीला बोलणं नसतं, लिहिणंही नसतं. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं पर्याय निवडून. गोळे काळे करायचे.

आडवाट
मग एन३ हे ध्येय आहे कोणाचं?

निळीशाई
…

धूमकेतू
आडवाट, एका ओळीत धागा संपवलास की.

खडूसकाका
संपला कसा? प्रमाणपत्राचा उपयोग असतो. नोकरीत बढतीला लागतं, परदेशी जायला लागतं. शिवाय पाया पक्का होतो. पुढची तारीख नसेल तर भाषा शिकणारे निम्मे लोक नव्याचे नऊ दिवस संपले की गळतात.

पायपीट
काका बरोबर आहेत, आडवाटही. मी चार तासांच्या मागे का लागलो होतो? गोल आकडा म्हणून. लाखो मॅरेथॉन धावकांच्या वेळांचा अभ्यास झालाय. तीन तास, साडेतीन, चार, या आकड्यांच्या जरा अलीकडे माणसांची झुंबड दिसते आणि पलीकडे एकदम ओसरते. शरीराला चार तास हा आकडा माहीतसुद्धा नसतो. तरीही त्या आकड्याने मला पहाटे उठवलंय, हेही खरं. आकडा उठवायला ठेवावा. शर्यतीत तो गळ्यात अडकायला लागला की काढून ठेवावा.

रातराणी
@निळीशाई, कामावर त्या लोकांशी बोलताना सध्या काय होतं? जमतं का काही?

निळीशाई
खरं सांगायचं तर गेल्या वर्षी जास्त बोलत होते. तोडकंमोडकं का होईना. परीक्षेचा अभ्यास सुरू झाल्यापासून तोंड उघडायच्या आधी मनात व्याकरण तपासते, तोवर दुभाषी बोलून मोकळा होतो. परवा समोरच्या बाईंनी चष्मा कुठे घेतलास एवढंच विचारलं. मला कळलं, उत्तरही येत होतं, पण "घेतला" याचं आदरार्थी रूप वापरायचं की साधं यात अडकले. स्वतःबद्दल बोलताना साधंच वापरतात, हे मला एन४च्या आधीपासून ठाऊक आहे!

मुंगी
कुठे घेतलास पण?

निळीशाई
मुंगे!!

गणिती
तळटीप वर म्हणाले तेच दिसतंय. निकालाचं ध्येय पुढे झालं, शिकायचं मागे पडलं. मात्र एका प्रसंगावरून परीक्षा सोडू नकोस. आठवड्याला किती तास खरोखर मिळतात ते दोन आठवडे नुसते लिहून काढ. हवेत तेवढे नाही, मिळतात तेवढे. मग वाटणी कर.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. गणिती म्हणाले तसे तास लिहून काढले. वेळापत्रकात होते त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाले, तेही सलग नाहीत, तुकड्यातुकड्यात.

तर सुटीच्या दिवशी, झोप झाल्यावर (पायपीट!) हे लिहिलंय:

दुभाष्याशिवाय बोलणं, हे हलणार नाही. आठवड्यातले पहिले दोन मोकळे तुकडे बोलण्याला. कामावरच्या एक बाई मराठी शिकताहेत, त्यांच्याशी अदलाबदल ठरलीय, अर्धा वेळ त्यांचा, अर्धा माझा. उरलेले तुकडे परीक्षेला. डिसेंबरात परीक्षेला बसणार, अर्ज भरलाच आहे. घरातल्या दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं तर परीक्षेचे तुकडे आधी कापायचे, बोलण्याचे नंतर. आणि नापास झाले तर जुलैचा अर्ज लगेच भरायचा नाही, आधी बघायचं की एन३ मला हवीय की सवयीने भरतेय.

खडूसकाका
म्हणजे तारीख हलली नाही. मी पहिल्याच प्रतिसादात हेच सांगितलं होतं.

आडवाट
काका, तारीख तीच आहे, पण ती आता ध्येय नाही राहिली.

खडूसकाका
ते तुम्ही तुमच्यापुरतं समजा.

शून्यप्रहर
दोन्ही पक्ष जिंकले. असा धागा प्रथमच पाहिला.

गणिती
निळीशाई, एक व्यावहारिक सूचना. एन३ला तीन भाग असतात, प्रत्येकी ६० गुणांचे, एकूण १८०. उत्तीर्ण व्हायला ९५ लागतात, पण प्रत्येक भागात किमान १९ हवेतच. एका भागात १८ पडले तर बाकीच्यांत कितीही मिळवलेस तरी नापास. वेळ कमी असल्यावर लोक ऐकण्याला फाटा देतात, कारण ते पुस्तक उघडून होत नाही. तुझे बोलण्याचे तुकडे आपोआप त्या भागाला लागू पडतील. वाचनाकडे मात्र लक्ष ठेव, बोलण्यातून ते सुटणार नाही.

निळीशाई
वाचनच कच्चं आहे माझं. नोंद केली, उरलेले तुकडे सगळे तिकडे.

मुंगी
आणि चष्म्याचं उत्तर त्या बाईंना अजून दिलेलं नाहीस. ते आधी.